दगडाखालचे अर्ज

लहानीकाकी आमच्या हायस्कूलची क्लार्क. शाळा टोकावड्याच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला लागून. समोर लोक तिला मेंगाळ मॅडम बोलतात. पाठ वळली की उद्या-ये-बाय. कारण खिडकीवर जाऊन शाळा सोडल्याचा दाखला मागितला की ती वर न बघता बोलते, उद्या ये. दुसऱ्या दिवशी गेलं तरी तेच. तिसऱ्या दिवशी पण.

गेल्या वर्षी तिच्याबद्दल मोबाइलवर जे फिरलं ते सगळ्यांनी वाचलं. ते खोटं नव्हतं. पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला माहीत आहे, कारण तिचं घर आणि आमचं घर एकाच पाड्यात, मधी फक्त एक कुडाची भिंत. आणि कारण मी पण त्या खिडकीवर नऊ दिवस उभी राहिलेली.

काकीचं माहेर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. तिच्या पाड्यात बारावी झालेली ती पहिली पोरगी. मग लग्न करून आमच्याकडं आली. तिचा नवरा चंदरकाका शाळेत शिपाई होता. घंटा तोच द्यायचा. पाऊस असो काय असो, त्याची घंटा एक मिनिट इकडं तिकडं नाय. एका श्रावणात त्याला ताप आला. तीन दिवस अंगावर काढला, चौथ्या दिवशी मुरबाडला नेला, तिथून पुढं न्यायला सांगितलं, तो रस्त्यातच गेला. काकी तेव्हा तिशीची. पोरबाळ नाय.

नवऱ्याच्या जागेवर बायकोला नोकरी मिळते, पण कागद फिरत राहतो. चार वर्षं फिरला. त्या चार वर्षांत काकी शहापूरला टायपिंगच्या क्लासला जायची. सरळगावला एसटी बदलून, किन्हवलीवरून. पाड्यात कोणी विचारलं कुठं गेलतीस, तर बोलायची माहेरी. सासूला पण तेच सांगितलं. सासू चार वर्षं सगळ्यांना सांगायची, माझ्या सुनेला माहेराशिवाय करमत नाय.

आमच्यात असंच आहे. चांगली गोष्ट हातात आल्याशिवाय तोंडातून काढायची नाय. पोरगी बघायला चालले तर बोलायचं बाजारला चाललो. नवी गाडी आणायला गेले तरी बाजारलाच चाललो. बोललं की नजर लागते, मग ते होत नाय. माझा बाप तर बैल घ्यायला म्हशाच्या जत्रेला गेला तेव्हा पण बाजारलाच चाललेला. ऑर्डर हातात आली तेव्हाच काकीनं ती सासूच्या पुढ्यात ठेवली. शिपाई नाय, क्लार्क. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटा धरला आणि रडली.

ऑफिसची खिडकी शाळेच्या पडवीत उघडते आणि समोर लोखंडी पट्टी टांगलेली आहे, तीच घंटा. काकी त्या खिडकीत पंधरा वर्षं बसली. घंटा वाजली की ती वर बघत नाय. मी कितीदा बघितलं, नाय बघत.

ती हसत नाय, ओरडत पण नाय. तिचं बोलणं खिडकीतून येतं तसंच चुलीपुढून पण येतं, एकाच आवाजात. खुर्चीवर म्हशाच्या जत्रेतलं घोंगडं चार पदरी करून टाकलेलं. चष्मा दोरीला. खिडकीच्या गजाला इंटरनेटचं डोंगल नाडीनं बांधलेलं, कारण रेंज तिथंच येते. काम ढिगानं. पोरांची नावं ऑनलाइन चढवायची, आधारवर एक जन्मतारीख आणि शाळेत दुसरी, ती जुळवायची, स्कॉलरशिपचे फॉर्म, बोनाफाइड, खिचडीच्या तांदळाचा हिशोब. एखादी म्हातारी पाड्यावरून येणार आणि बोलणार, बाय, माझा मालक इथं शिकला होता, त्याचा कागद पायजे, नातवाच्या जातीच्या दाखल्याला. काकी विचारणार, कोणत्या सालात. म्हातारी बोलणार, पूर आलेला त्या सालात. काकी उठणार, कपाटातलं जुनं रजिस्टर काढणार आणि दहा मिनिटांत नाव शोधून देणार. ते काम ती त्याच दिवशी करायची. सगळी कामं त्याच दिवशी.

फक्त एक सोडून.

पोराला दुसऱ्या शाळेत घालायचं असलं की नवी शाळा चिठ्ठी देते, आमाला या मुलाचा दाखला पाठवा. चिठ्ठी असली की काकी लगेच दाखला द्यायची. पण चिठ्ठी नसली, नुसता बाप आला आणि बोलला दाखला पायजे, तर त्याचा अर्थ एकच. पोरगं शाळा सोडतंय. दिवाळीनंतर वीटभट्टीवर चाललंय, नायतर पोरीचं लग्न ठरलंय, नायतर पोरगं मास्तरवर रुसलंय. तो अर्ज काकी घ्यायची आणि टेबलावर काळू नदीतला एक गोल दगड होता, त्याच्याखाली ठेवायची.

"सरांची सही नाय. उद्या ये."

सर असायचे आत. खुर्चीत. चहा पीत.

लोक दोन फेऱ्या मारायचे, चार मारायचे. शिव्या द्यायचे. काय जण कंटाळून अर्ज सोडून जायचे आणि पोरगं शाळेतच राहायचं. काय पोरांचा रुसवा जायचा. काय जण दाखला न घेताच भट्टीवर जायचे, मग नाव खोडलेलं नसायचं, जूनमधी पोरगं परत येऊन बाकावर बसायचं. काकी हे कोणाला बोलली नाय. हेडसरांना पण नाय. सगळ्यांना वाटायचं बाई आळशी आहे, खुर्ची मिळाली म्हणून माजली.

असं ती का करते ते मला तिनं एकदाच सांगितलं, भात निवडताना, मान खाली घालून. नोकरीच्या पहिल्या वर्षी नवसू नावाचा सातवीतला पोरगा होता. बाप आला, दाखला द्या बोलला. तिनं नियमानं पंधरा मिनिटांत दिला. रजिस्टरात लाल शाईनं शेरा मारला, शाळा सोडली. आठ दिवसांनी नवसूची आई आली. बोलली, मालक दारूत होता तेव्हा आला, पोराला परत बसवा. काकी बोलली, बसवू, तो दाखला परत आणा. दाखला भट्टीवर अवकाळी पावसात भिजून लगदा झालेला. काकी बोलली, तरी चालेल, घेऊन या पोराला, मी बघते. पण त्या बाईनं रजिस्टरातली लाल शाई बघितली. तिला वाटलं संपलं. ती उठून गेली ती परत आली नाय.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दगड आणला," काकी बोलली.

माझं सांगते. नववीत मी नापास झाली आणि वर्गात एका सरांनी सगळ्यांसमोर काय तरी बोललं. मी घरी न विचारता स्वतःच अर्ज लिहिला आणि बापाची सही ठोकली. काकीनं अर्ज वाचला, सही बघितली, दगडाखाली घातला. उद्या ये. मी नऊ दिवस गेली. रोज. नवव्या दिवशी मी बोलली, ठेव तुझा दाखला चुलीत घालायला. आणि गेली नाय परत. ना खिडकीवर, ना वर्गात. म्हणजे मी थांबणाऱ्यातली पण नाय आणि जाणाऱ्यातली पण नाय. मुरबाडला एमआयडीसीत पॅकिंगला गेली, सोडलं. पेट्रोल पंपावर लागली, सोडलं. पार्लर शिकली, सोडलं. आता टोकावड्याला ढाब्यावर भाकऱ्या थापते. शाळा सुटून सहा वर्षं झाली. माझा अर्ज दगडाखालीच होता. रजिस्टरात माझ्या नावापुढं शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हे दोन रकाने कोरे होते. काकीनं मला एकदा दाखवले. बोलली, बघ, अजून शाळेतच आहेस.

त्यावर मी हसलेली. काकी नाय हसली.

आता गेल्या वर्षीचं.

मे महिना होता. शाळेला सुट्टी. मास्तर सगळे घरी, फक्त क्लार्कला यायला लागतं. हेडसर मुरबाडवरून मंगळवार आणि शुक्रवारी तासभर येऊन सह्या करून जायचे. माझी ड्युटी संध्याकाळची होती म्हणून दिवसा मी काकीला डबा द्यायच्या निमित्तानं पडवीत जाऊन बसायची. तिथं वारा येतो.

बुधवारी गोजर आला. गोजर आमच्या वरच्या पाड्यातला, डोंगराच्या अंगाला, दीड तास चालायचं. कमी बोलणारा माणूस. उन्हाळ्यात करवंदं घेऊन हायवेला बसतो आणि गिऱ्हाइकाला भाव पण बोटांनी सांगतो. त्याची पोरगी रुपाली, सातवी झालेली.

"दाखला पायजे. रुपालीचा."

"चिठ्ठी आणलीय का कुठल्या शाळेची?"

"नाय."

"मग कशाला पायजे?"

गोजरनं जमिनीकडं बघितलं. "असाच."

काकीनं अर्ज त्याच्याकडून अंगठ्यासकट भरून घेतला आणि दगडाखाली ठेवला. "सर नायत. उद्या ये."

तो गुरुवारी नाय आला, करवंदांचा दिवस होता. शुक्रवारी आला. सर आत होते, त्यांचा खोकला पडवीत ऐकू येत होता. काकी बोलली, उद्या ये. गोजरनं आतल्या खोकल्याकडं बघितलं आणि गेला.

शनिवारी तो रुपालीला घेऊन आला. पोरगीनं तेल लावून दोन वेण्या घातलेल्या, अंगात नवा ड्रेस, पिवळा. गळ्यात मण्यांची माळ. काकीनं खिडकीतून बघितलं. त्या खिडकीतून माणूस छातीच्या वरच दिसतो. तिला दिसलं तेल, वेण्या, नवा ड्रेस, माळ. तेरा वर्षांची पोरगी.

"कुठं नेतोस रं पोरीला, दादा?" काकीनं विचारलं. तिनं असं कधी विचारलं नव्हतं कोणाला.

"नेतो जरा."

"कुठं?"

"बाजारला."

काकीनं अर्जावरचा दगड नीट बसवला. मग बोलली, "सोमवारी ये."

"सोमवारी नाय जमणार बाय. आजच पायजे."

"सर नायत आज. सही कोण करणार? सोमवारी ये."

रुपालीनं बापाच्या सदऱ्याला धरलं. दोघं पडवीच्या कडेला जरा वेळ उभे राहिले, मग गेले. मी पायरीवर बसलेली. ती माझ्या अंगावरून उतरली. तिच्या पायात बूट होते. निळे, पळायचे, खाली पांढरा रबर, एकदम कोरे. आमच्याकडं कोणी लग्नाच्या पोरीला असले बूट घेत नाय. मी ते बूट बघितले. बघितले आणि काय बोलली नाय. कोणाचे तरी असतील, असं काय तरी डोक्यात आलं आणि गेलं.

सोमवारी गोजर आला नाय. काकीनं दुपारी दगड जरा सरकवला, अर्ज बघितला, परत दगड ठेवला. मला वाटतं तिला बरं वाटलं असेल. चेहऱ्यावरून नाय कळत.

सोमवारी संध्याकाळी ढाब्यासमोर घाटावरून आलेली एसटी थांबली आणि त्यातून गोजर आणि रुपाली उतरले. पोरगीच्या हातात पत्र्याची छोटी पेटी. मी तव्यावरून उठली नाय. किशोर तिथं चहा पीत होता. किशोर म्हणजे गावातलं पुढारपण करणारा, बसस्टॉपच्या बॅनरवर ज्याचा फोटो असतो तो. त्यानं विचारलं, गोजरदादा, पेटी घेऊन कुठून? आणि आता सगळं होऊन गेलं होतं म्हणून गोजर बोलला.

जानेवारीत तालुक्याच्या स्पर्धेत रुपाली पळाली होती. घाटावरच्या एका निवासी शाळेचे कोच तिथं आलेले, पळणारी पोरं शोधायला. राहणं, जेवण, शिकवणं, पळणं सगळं तिथं. पंधरा जागा. रुपालीचं नाव लागलं, बाजूच्या घरातल्या मोबाइलवर मेसेज आला, सोमवारी दुपारी बारापर्यंत मूळ दाखला घेऊन हजर राहा. बूट कोचनं पाठवले होते. हे दोघं दाखल्याशिवाय गेले. तिथं कागद बघितले, अपुरे बोलले. वेटिंगवाली पोरगी बापाबरोबर बाजूलाच उभी होती, तिचे कागद पुरे होते. पुढच्या वर्षी रुपालीचं वय बसत नाय.

किशोरनं तिथंच बसून ग्रुपवर टाकलं. आदिवासी मुलीचं भविष्य क्लार्कमुळं गेलं, तीन वेळा परत पाठवलं, हेडसर हजर असताना पण सही नाय घेतली. मग शिक्षण खात्याकडं अर्ज दिला. काकी पण त्याच जातीची आहे हे त्यानं लिहिलं नाय. पण खोटं काय लिहिलं नव्हतं त्यानं, ते मला आज पण बोलायला लागतं.

मी काकीकडं गेली. ती परातीत तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, किशोरला चार शिव्या घातल्या. ती निवडत राहिली.

"बूट होते?" तिनं मधीच विचारलं.

"हां."

"कसले?"

"पळायचे. निळे."

"तू बघितलेस."

"बघितले."

तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "बाजारला बोलला तो मला," ती बोलली. "बाजारला. आणि मला नाय कळलं." मग परात उचलून आत गेली.

चार दिवसांनी नोटीस आली. सात दिवसांत खुलासा द्या, नायतर निलंबन. चौकशी मुरबाडला. हेडसर बोलले, माझ्याकडं सही मागितलीच नाय, मी काय करणार. ते पण खरं. पाड्यात बोलायला लागले की नोकरी जाणार. काकीच्या घरात दुसरं कोणी कमावतं नाय आणि सासू आंधळी झालीय आता.

मी बसणाऱ्यातली नाय. मी ढाब्याच्या शेठकडून स्कूटी मागून घेतली आणि ज्यांचे अर्ज दगडाखाली राहिले आणि त्यामुळं जी शिकली, त्यांना शोधायला लागली. मला माहीत असलेली चौदा निघाली. जीवन एसटीत कंडक्टर आहे, मुरबाड डेपोला. त्याला डेपोतच गाठलं. तो बोलला, "माझा बा सहा दिवस गेला गो तिच्याकडं. सातव्या दिवशी बोलला मरू दे, जा शाळंत." त्याला सुट्टी नव्हती, त्यानं मोबाइलवर बोलून पाठवलं. शहापूरला स्नेहल आहे, सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं दहावीच्या आधी लग्न ठरलेलं. नवऱ्याकडच्यांना पोरीचं वय बघायला दाखला पायजे होता. काकीनं तो दिलाच नाय, तोवर त्यांनी दुसरीकडं जमवलं. स्नेहल बोलली, मी येते.

अनंता आसनगावला भेटला, स्टेशनच्या बाहेर, गोडाऊनच्या गाडीची वाट बघत.

"मी नाय येणार," तो बोलला.

"का? तुला नाय थांबवला तिनं?"

"थांबवला ना. आठवीत सोडणार होतो, दहावीला सोडली. गोडाऊनलाच आलो. दोन वर्षं उशिरा." गाडी आली. त्यानं डबा बगलेत मारला. "तिला सांग, माझा राग नाय काय. पण येणार नाय."

मी त्याला लय बोलली. ते इथं लिहित नाय.

चौकशीच्या दिवशी मी आणि स्नेहल मुरबाडला पंचायत समितीत गेलो. स्नेहल ड्युटीचे पांढरे कपडे घालून आलेली. व्हरांड्यात काकी बाकावर बसलेली, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तिनं स्नेहलला बघितलं.

"ड्युटी नाय आज?"

"आहे मॅडम. अर्धा दिवस टाकलाय."

"जा परत. पेशंट असतील."

स्नेहल गेली नाय. भिंतीला टेकून उभी राहिली.

आत चौकशीचा साहेब होता, बाजूला किशोर, गोजर आणि रुपाली. आमाला कोणी बोलावलं नव्हतं, आमी दारात उभ्या राहिलो. साहेब शांत माणूस होता. काकीचा खुलासा त्यानं वाचून दाखवला. मला वाटलेलं दोन पानं असतील. दोन ओळी होत्या. अर्ज आला त्या दिवशी दाखला देणं शक्य होतं. विलंब माझ्याकडून झाला.

"कारण नाही लिहिलंत," साहेब बोलला.

"कारण नाय, साहेब."

"कारण आहे," मी दारातून बोलली. शिपाई मला धरायला उठला. मी दगडाचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, स्नेहलला पुढं ढकललं, मोबाइलवर जीवनचा आवाज लावला. नवसूचं पण सांगितलं. काकी एकदा पण माझ्याकडं वळली नाय. साहेबानं सगळं ऐकून घेतलं.

"किती मुलं थांबली अशी?"

"चौदा."

"आणि किती थांबली नाहीत?"

ते मला माहीत नव्हतं. मी काकीकडं बघितलं.

"सदतीस," काकी बोलली. "आणि ही एक." तिनं बोट माझ्याकडं केलं, न बघता.

साहेब लिहीत राहिला. मग त्यानं गोजरला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"आमची काय तक्रार नाय," गोजर बोलला. किशोरनं त्याला कोपर मारला. "बाय बोलली उद्या ये, आमी आलो."

"तुम्ही मॅडमना सांगितलं का नाही, कुठं जायचं आहे, कधीपर्यंत जायचं आहे? सांगितलं असतं तर त्यांनी दिला असता ना."

गोजरनं विचार केला. त्याला प्रश्न अवघड नव्हता, साहेबाला कळेल असं कसं सांगायचं ते अवघड होतं.

"झालं नव्हतं ना अजून," तो बोलला.

साहेबाला कळलं नाय. किशोरला कळलं, तो आमच्याच भागातला आहे, त्यानं छताकडं बघितलं. काकीनं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जी बाई चार वर्षं माहेरी चालले बोलून टायपिंगला गेली तिला हे कोणी समजवायची गरज नव्हती.

रुपाली सगळा वेळ बूट बघत बसलेली.

बाहेर आल्यावर काकी तिच्यापुढं उभी राहिली. पिशवीतून तिनं कागद काढला. रुपालीचा दाखला, सहीशिक्क्यासकट तयार. त्या सोमवारनंतरच्या मंगळवारच्या तारखेचा.

"आता कशाला?" गोजर बोलला. रागानं नाय. खरंच विचारलं त्यानं.

काकीनं कागद परत पिशवीत घातला. रुपाली आठवीत आमच्याच शाळेत आली. बूट घालून यायची. आता ते मळलेत, डाव्या बुटाचा रबर सुटलाय. पळते का विचारलं तर बोलते, कुठं पळू.

नोकरी गेली नाय. लेखी ताकीद मिळाली, सर्व्हिस बुकात नोंद झाली. साहेबानं बहुतेक माझं ऐकलं, नायतर गोजरचं. मी पाड्यात येऊन सगळ्यांना सांगितलं, राहिली नोकरी. सासूनं देवाला नारळ फोडायला लावला. काकी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एसटीनं शाळेत गेली.

हेडसरांनी खिडकीच्या वर कागद चिकटवला. दाखला अर्ज केल्याच्या दिवशीच मिळेल. काकीनं दगड टेबलावरून उचलला आणि ऑफिसच्या दाराला लावला, ते दार वाऱ्यानं आपटतं म्हणून. तेव्हापासून तो तिथंच आहे. पाय लागून लागून दाराखाली गेलाय.

दिवाळी झाली, भट्टीवाल्यांचे ट्रक यायला लागले. पहिल्या आठवड्यात चार बाप आले. मी पडवीत होती चारही वेळा. काकी विचारायची, नाव काय, कितवीत. रजिस्टर काढायची, लिहायची, सरांच्या पुढ्यात ठेवायची, शिक्का मारायची. घ्या. पंधरा मिनिटं. बाप लोक कागद हातात घेऊन गोंधळायचे. एक जण तर बोलला, मॅडम, उद्या येऊ का? त्याला चार फेऱ्यांची तयारी करून यायची सवय. ती बोलली, कशाला, झालं की तुमचं.

बाहेर लोक बोलायला लागले, बाई सुधारली.

मला ते सहन होत नव्हतं. मी तिला घरी बोलली, "काकी, एका चुकीसाठी सगळंच सोडलंस?" ती बोलली, "पोळी करपतेय तुझी." पोळी करपत नव्हती.

मग मी ठरवलं. मला बघायचं होतं. मला वाटलं, बाकीच्यांना देईल, मला नाय देणार. मला ती बोलणार, उद्या ये.

मी आंघोळ करून, चांगला ड्रेस घालून दुपारी खिडकीवर गेली. पोरं वर्गात होती. पडवीत कोणी नव्हतं.

"दाखला पायजे," मी बोलली.

"कोणाचा?"

"माझा. रोशनीचा."

तिनं चष्मा लावला. मी तिच्या तोंडाकडं बघत होती. तिनं मागं वळून कपाट उघडलं, रजिस्टर काढलं आणि पानं न चाळता एकदम माझं पान उघडलं. ते कोरे रकाने. तिनं तारीख लिहिली. लाल पेन घेतलं.

"कारण काय लिहू?"

"असंच," मी बोलली.

"असंच नाय लिहिता येत."

"मग तू लिही काय ते."

तिनं लिहिलं. मला उलटं दिसत होतं, वाचता नाय आलं. दाखल्यावर उतरवलं, उठून सरांकडं गेली, सही घेऊन आली. शिक्का मारला. शाई सुकायला कागदावर दोनदा फुंकर मारली. समोर घंटा झाली, मधल्या सुट्टीची, आणि पोरं बाहेर पडायला लागली. ती वर बघत नव्हती.

"घे."

मी घेतला. घडी न करता घेतला. मागं दोन पोरी बोनाफाइडला येऊन उभ्या राहिल्या, एक बोलली, ताई सरक ना. मी सरकली नाय.

"अजून काय पायजे?" काकीनं विचारलं.

"काय नाय."

ती माझ्या मागच्या पोरीला बोलली, नाव काय, कितवीत.